घागरीतला समुद्र

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी हिवरखेडच्या भाजीबाजारात जमुना ताथोड वांग्यांनी भरलेल्या गोणपाटाच्या कट्ट्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला माल वर काढून पाहत होती. वरची वांगी सगळेच चांगली लावतात. तळातून दोन किडकी निघाली. तिने ती व्यापाऱ्यासमोर न बोलता मांडून ठेवली आणि त्यानेही न बोलता भाव उतरवला. वांगी, भेंडी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या किशोरच्या मालवाहू ऑटोत चढल्या आणि उजाडता उजाडता ऑटो दक्षिणेकडे निघाला. बाजाराच्या मागच्या अंगाला एक विहीर आहे. तिच्यापाशी आल्यावर किशोरचा पाय सवयीने ब्रेकवर गेला आणि लगेच निघाला. वर्ष होऊन गेलं, जमुना तिथे उतरत नाही. दुसऱ्या दिवशी अक्षयतृतीया होती.

हिवरखेडच्या बाजूला सातपुड्याचा पायथा आहे. तिथे संत्र्याच्या आणि केळीच्या बागा आहेत, विहिरींचं पाणी गोड आहे. वीस-बावीस किलोमीटर खाली, पूर्णेच्या दिशेने उतरलं की जमीन काळीच राहते, पण झाडं विरळ होतात आणि विहिरी दिसेनाशा होतात. हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरला आहे. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. पिकाला दिलं तर जमीन चोपण होते, घट्ट बसते आणि पिकत नाही. माणसं मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या पीत आली, कारण दुसरं नव्हतं. हे पाणी खारं का, यावर भूगर्भाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. जमुनाच्या नेरखेडमधल्या म्हाताऱ्या माणसांत ते नाहीत. इथे आधी समुद्र होता, तो उठून गेला आणि जाताना आपली खार ठेवून गेला, असं ती सांगतात. पुढे काही विचारलं तर सुपारी कातरायला घेतात.

आजचा समुद्र नेरखेडपासून साडेचारशे किलोमीटरवर आहे. गावातल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. जमुनानेही नाही. तरी वर्षातून एका रात्रीपुरता समुद्र नेरखेडात येतो, आणि तो आणायचं काम चाळीसेक वर्षं ताथोडांच्या घराकडे होतं.

अक्षयतृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. बुलडाण्याकडचं एक गाव अशा मांडणीसाठी सगळीकडे माहीत आहे. नेरखेडची मांडणी गावापुरती असते. धान्याच्या छोट्या छोट्या राशींचं वर्तुळ करायचं, मधोमध खड्डा घ्यायचा, खड्ड्यात काळ्या मातीची चार ढेकळं ठेवायची. ही चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याने भरलेली मातीची कोरी घागर, आणि घागरीवर पापड, कुरडई, करंजी. घागर म्हणजे समुद्र. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. सकाळी कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून पावसाचं भाकीत सांगतात. ते सांगतात उत्तमराव, वय आता चौऱ्याहत्तर, सगळ्या गावाचे आबाजी. भाकीत सांगून झालं की घागरीतलं पाणी पळीपळीने तीर्थ म्हणून वाटतात आणि लोक घरी जातात.

घागरीत पाणी गोडं लागतं, आणि त्याच दिवशीचं. जमुनाची सासू पार्बताबाई भाजी आणायला बैलगाडीने हिवरखेडला जायची, म्हणून पाणी तिनेच आणायचं असं कधीतरी ठरलं. मग तो मान झाला. पार्बताबाई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने घागरीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ जमुनाच्या हातात दिली. लुगड्याच्या जुन्या काठांची, घट्ट विणलेली. देताना ती म्हणाली होती की शेत काय, आज आहे उद्या नाही. हे मात्र घरातून जाऊ देऊ नको. ताथोडांचं शेत चार एकर आहे, कोरडवाहू. मूग, सोयाबीन, तूर. घर चालतं ते ओसरीवरच्या भाजीच्या दुकानावर. त्यामुळे गावात ताथोडांचं नाव निघायचं ते घागरीमुळेच. जमुनाला हे नीट माहीत होतं. चुंबळ पुढे सुनेला द्यायची, हेही तिच्या मनात ठरलेलं होतं.

सून रागिणी चांदूर बाजारची. बी.एस्सी. झालेली, तेल्हाऱ्याच्या एका खासगी शाळेत तासाप्रमाणे शिकवायची. मुलगा शिवम अकोल्याला एमआयडीसीत डाळ मिलवर कामाला, शनिवारी घरी यायचा. संध्याकाळी ओसरीवर शेंगा सोलताना रागिणी सासूला समुद्राबद्दल सांगायची. पोरांना जे शिकवलं असेल तेच. जगातल्या शंभर भाग पाण्यातले सत्त्याण्णव भाग समुद्रात आहेत. हवेत जो प्राणवायू तयार होतो, त्यातला साधारण निम्मा समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती करतात. म्हणजे नेरखेडात बसून घेतलेल्या श्वासातही समुद्राचा वाटा आहे. ढग तिकडून येतात. जगाची वाढलेली उष्णता सगळ्यात जास्त त्यानेच पोटात घेतली आहे, नाहीतर जमिनीवर राहणं कठीण झालं असतं. जमुनाला हे ऐकायला आवडायचं. घागर तिच्या घरची, त्यामुळे समुद्र हा विषय तिला थोडा आपल्या खात्यातला वाटायचा. एकदा तिने विचारलं, एवढं सगळं पाणी खारं, मग आपण घागरीत गोडं काहून घालतो? रागिणी हसली आणि म्हणाली, ते आबाजींना विचारा आई, मला नका विचारू.

एवढंच बोलणं झालं होतं. पुढे जे घडलं त्याला हे एक कारण झालं.

दोन हजार तेवीसची अक्षयतृतीया एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आली. त्या दिवशी जमुना हिवरखेडला गेलीच नाही. तिचा नवरा सूर्यभान पहाटे उठला तेव्हा त्याची पावलं आणि पापण्या सुजल्या होत्या, आणि पायरी चढताना त्याला धाप लागत होती. ती त्याला घेऊन अकोल्याला गेली. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, गाव विचारलं. गावाचं नाव ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. मूत्रपिंडं निम्म्याहून अधिक निकामी झाली होती. पाण्याने झालं का, असं जमुनाने विचारलं. असू शकतं, डॉक्टर म्हणाले, यापुढे बोअरचं पाणी एक थेंबही द्यायचं नाही.

दोघं घरी पोहोचली तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. पाणीपुरवठा योजनेचं नळाचं पाणी गावाला आठ-दहा दिवसांनी एकदा येतं. त्या वेळी कुठेतरी पाइप फुटला होता आणि बारावा दिवस चालू होता. रागिणी सणाला माहेरी गेली होती. घरात गोडं पाणी एक कळशी होतं. जमुना शेजारच्या दोन घरी जाऊन आली. दोघींनी आपले रिकामे रांजण दाखवले. मागच्या खोलीत काय होतं ते तिने विचारलं नाही, कारण तिच्याकडे कोणी आलं असतं तर तिनेही रांजणच दाखवला असता. सूर्य मावळायच्या आत घागर शेतात पोहोचायला हवी होती. खाटेवर सूर्यभान पाणी मागत होता.

तिने कळशीतलं पाणी तांब्यात ओतून त्याला दिलं, कळशीवर झाकण ठेवलं आणि कोरी घागर, चुंबळ घेऊन हापशीवर गेली.

हापशीवर तिच्याच गल्लीतली चंदा भांडी विसळत होती. तिने घागरीला बांधलेला लाल धागा पाहिला.

“जमुनाबाई, मांडणीची घागर हापशीवर? गोडं पानी नाई आनलं काय?”

“समुद्र कुठं गोडा असते व चंदा,” जमुना दांडा मारता मारता म्हणाली. “खाराच असते तो.”

असं म्हणून ती हसली. दिवसभरात ती पहिल्यांदाच हसली होती. पुढे गावाने त्या हसण्याचाही हिशोब धरला.

सकाळी शेतात दीडेकशे माणसं जमली. उत्तमराव खड्ड्यापाशी उकिडवे बसले आणि एकेक ढेकूळ उचलून, दाबून, परत ठेवत सांगू लागले. पहिलं कोरडं: जून लांबेल. दुसरं ओलं: जुलै बरा. तिसरं त्यांनी बोटांनी दाबलं तर ते फुटलंच, इतकं भिजलं होतं. ऑगस्टात पाणी चांगलं, मूग घरात येईल, सोयाबीनच्या शेंगा भरतील. चौथं दमट: सप्टेंबर साधारण. लोकांत समाधानाची कुजबुज झाली. मग त्यांनी पळी मागवली, आणि पळी घागरीत बुडाली त्या क्षणी जमुनाला तीर्थाची आठवण झाली. आदल्या दिवशीच्या धावपळीत ही गोष्ट तिच्या डोक्यातून पार गेली होती.

उत्तमरावांनी पहिली पळी स्वतः घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी ते गिळलं आणि पुढच्या हातावर दुसरी पळी ओतली. तो हात पंजाबरावांचा होता. पंजाबराव गावातले मोठे शेतकरी, सोसायटीचे माजी अध्यक्ष. त्यांनीही गिळलं. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा कुलदीप उभा होता. त्याने तोंडात घेतलं आणि बाजूला थुंकला.

“हे तं हापशीचं पानी होय बे,” तो म्हणाला.

नेरखेडात या चवीबद्दल चूक होत नाही. सगळे जमुनाकडे वळले. पंजाबरावांनी शांतपणे विचारलं की घरात गोडं पाणी नव्हतं काय. विसरले म्हणाली असती, वेळ झाला नाही म्हणाली असती, तर कदाचित विषय तिथेच मिटला असता. गावात विसरणाऱ्याला माफी असते.

“होतं,” जमुना म्हणाली. “एक कळशी होतं. ते शिवमच्या बाबांले पाजलं.”

आजारी नवऱ्याला पाणी पाजलं यात चूक काढता येत नव्हती, आणि समुद्रापेक्षा नवरा आधी हे ऐकूनही घेता येत नव्हतं. शेवटी उत्तमराव गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले की मांडणी झाली ती झाली, भाकीत तेच राहील. त्या दिवशी त्यांनी जमुनाची बाजू घेतली असंच सगळ्यांना वाटलं. जमुनालाही वाटलं.

त्या वर्षी पाऊस विदर्भात यायला जून संपत आला. उत्तमरावांचं पहिलं ढेकूळ खरं ठरलं. जुलैत पाऊस कोसळला, नाले फुगले, दुसरंही खरं ठरलं. लोक घागरीचं विसरले. आणि मग ऑगस्ट आला. देशात पावसाच्या नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. नेरखेडात रोज सकाळी ढग यायचे आणि दुपारी निघून जायचे. मुगाच्या शेंगा पोचट निघाल्या. सोयाबीन फुलावर होतं, ते उभ्या उभ्या पिवळं पडलं. काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडल्या. शेजारी खारं पाणी भरलेला बोअर, आणि त्यातलं एक बादलीसुद्धा पिकाला देता येत नाही, अशा स्थितीत गाव तीन आठवडे आभाळाकडे बघत बसलं.

तिसरं ढेकूळ खोटं निघालं होतं. चौतीस वर्षं घट वाचणाऱ्या उत्तमरावांना याचं कारण देणं भाग होतं, आणि ते त्यांच्याकडे तयार होतं. खाऱ्या पाण्याने ढेकूळ खोटं भिजलं, असं आधी ते म्हणाले. दोन दिवसांनी गावात ते वाक्य बदलून फिरत होतं. खारी घागर मांडली म्हणून पाऊस गेला. चंदाने हापशीवरचं बोलणं सांगितलं, हसण्यासकट. ती खोटं काही बोलली नाही.

महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींना, इकडे सोळा भाज्यांचा नैवेद्य लागतो. दरवर्षी त्या सोळाच्या सोळा भाज्या जमुना आठवडाभर आधीपासून जमवून ठेवायची आणि अर्धं गाव तिच्याकडूनच न्यायचं. त्या वर्षी बायकांनी ऑटो करून तेल्हाऱ्याहून भाज्या आणल्या. रोजची वांगी, भेंडी मात्र जमुनाकडूनच घेत होत्या, कारण रोज तेल्हाऱ्याला कोण जाणार. पोटाला तिची भाजी चालत होती, देवाला चालत नव्हती. कोणी तिला तोंडावर काही म्हटलं नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी जमवलेली भाजी ओसरीवर सुकली आणि तिसऱ्या दिवशी तिने ती म्हशीपुढे टाकली.

पण त्याआधी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मारुतीच्या पारावर बैठक झाली होती. पावसासाठी काय करायचं हे ठरवायचं होतं. बायका मागे, देवळाच्या भिंतीला लागून बसल्या होत्या. जमुना गेली नाही. रागिणी गेली, कोणाला न सांगता. शाळेतून येऊन तिने हातपाय धुतले, मोबाइल घेतला आणि निघाली. सासूवरचा ठपका आपण समजावून सांगितलं की पुसला जाईल, असं तिला मनापासून वाटत होतं. तिचं वय तेव्हा सव्वीस होतं.

तिने बोलायची परवानगी मागितली, उत्तमरावांनी दिली. तिने पुढे येऊन मोबाइलवर पृथ्वीचा नकाशा दाखवला. हा पॅसिफिक महासागर, जगातला सगळ्यात मोठा. आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर. काही वर्षांनी एकदा याचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं. ते तापलं की वारे बदलतात आणि आपल्याकडे येणारा पाऊस बिघडतो. यंदा ते तापलं आहे. हवामान खात्याने उन्हाळ्यातच ही शक्यता सांगितली होती. फक्त नेरखेडात नाही, अर्ध्या देशात पाऊस नाही. तिथे कोणी घागर मांडली नव्हती. ती वरच्या पट्टीत न जाता, वर्गात बोलावं तशी बोलली, आणि लोकांनी खरोखर लक्ष देऊन ऐकलं. मधे पंजाबरावांनी एक शंका विचारली, तिने तिचं उत्तर दिलं.

उत्तमराव शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“म्हंजे समुद्र बिघडला म्हून पानी गेलं,” ते म्हणाले. “असंच ना सूनबाई?”

“हो, आबाजी.”

“आन्‌ आपली घागर कायची असते?”

मागून कोणीतरी सांगितलं, समुद्राची.

“मंग आमी दुसरं काय म्हून राहिलो?”

कोणी हसलं नाही. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना ते पटलं होतं. शिकलेल्या सुनेने मोबाइलवर नकाशा दाखवून जे सांगितलं ते आबाजींच्या म्हणण्याशी जुळत होतं, आणि पाराभोवती बसलेल्या माणसांना त्याचा दिलासाच वाटला. आतापर्यंत जमुनाबद्दलची ती नुसती चर्चा होती. त्या संध्याकाळी तिला विज्ञानाचा आधार मिळाला.

रागिणीला आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती राहून गेली. हे पाणी तापणं-निवणं निसर्गाचंच आहे, पण सगळे समुद्र मिळूनच गेली शंभर वर्षं तापत आले आहेत. माणसांच्या धुराने जगात जी जास्तीची उष्णता साठली, तिच्यातला दहातल्या नऊ भागांहून जास्त वाटा त्यांनी गिळला आहे. त्या धुरात नेरखेडचा वाटा चार ट्रॅक्टर आणि एक जनरेटर एवढा. खऱ्या समुद्राला कोणी बिघडवलं, हे त्या पारावर कोणी विचारलं नाही. खोट्या समुद्राला कोणी बिघडवलं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि तिचं घर तिथून दिसत होतं.

ती घरी आली तेव्हा बातमी तिच्या आधी पोहोचली होती. जमुना चुलीपुढे बसली होती.

“तुह्या समुद्रानं मले गावातून उठवलं,” ती म्हणाली. “आता तरी त्याचं नाव काढू नको या घरात.”

खाटेवरून सूर्यभान म्हणाला की त्या दिवशी आपण ते पाणी प्यायलो नसतो तर बरं झालं असतं. जमुना म्हणाली, पेले ते पेले, आता त्यावर बोलू नोका. त्या घरात या विषयावर एवढंच बोलणं झालं. दिवाळीनंतर शिवमने अकोल्याला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि रागिणी तिकडे गेली. ती आता तिथे शिकवण्या घेते. सणाला येते, सासऱ्याचं औषधपाणी बघते, सासूला वाकून नमस्कार करते. शेंगा सोलायला दोघी एकत्र बसत नाहीत.

पुढच्या वर्षी घागर पंजाबरावांच्या घरी गेली. जमुनाला कोणी सांगितलं नाही. कुंभाराने नवी घागर तिच्या दारावरून पुढे नेली तेव्हा तिला कळलं. मान पंजाबरावांची बायको रुख्मिणी हिच्याकडे आला, आणि त्या वर्षी, दोन हजार चोवीसला, पाऊस चांगला झाला. यामुळे जमुनाविरुद्धचा पुरावा पक्का झाला. रागिणीच्या म्हणण्याप्रमाणे तोवर पॅसिफिकचं पाणी निवलं होतं, पण ती आता अकोल्याला होती आणि तिला कोणी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस थांबेचना. सोयाबीन काढणीला आलेलं शेतात सडलं, शेंगांना कोंब फुटले. त्या वेळी घागरीची चौकशी झाली नाही. वहिनीनं घागर जरा जास्तच भरली वाटते, असं कोणीतरी पारावर म्हणालं, पंजाबराव हसले, बाकीचेही हसले, आणि विषय संपला. त्या घराच्या बाबतीत तो विनोद झाला.

हे जमुनाने ऐकलं तेव्हा ती वांगी तोलत होती. तिने तोललेली वांगी परत एकदा तोलली.

कुलदीपने चोवीसच्या उन्हाळ्यात गावात पाण्याचा प्लँट टाकला. हापशीपासून वीस पावलांवर बोअर मारला. पाणी तेच, त्याच झऱ्याचं, जे त्याने शेतात थुंकलं होतं. यंत्र त्यातला खार काढतं, गोडं पाणी कॅनमध्ये भरतं, आणि जितकं गोडं निघतं जवळजवळ तितकंच, आधीपेक्षाही खारं पाणी पाइपने मागच्या नाल्यात सोडतं. नाल्याच्या काठच्या दोन बाभळी वाळल्या. नाला पूर्णेला मिळतो, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. गेल्या वर्षी रुख्मिणीने मांडणीची घागर या प्लँटच्या पाण्याने भरली. हिवरखेडला जायचं कारण उरलं नव्हतं. पाणी गोडं होतं आणि त्याच दिवशीचं होतं. तीर्थ घेताना सगळ्यांनी मान डोलावली. उत्तमराव म्हणाले की असं गोडं तीर्थ पूर्वी कधी झालं नव्हतं.

सूर्यभानचं डायलिसिस दीड वर्षापूर्वी सुरू झालं. आठवड्यातून दोनदा तो आणि जमुना सकाळच्या बसने अकोल्याला जातात, दुपारी परत येतात. त्याला दिवसाकाठी मोजूनच पाणी प्यायचं असतं. ते जमुना एका जुन्या बाटलीत सकाळी भरून ठेवते. बाटलीतलं पाणी प्लँटचं असतं. पहिले काही महिने ती हिवरखेडहूनच कॅन भरून आणायची, पण विहिरीवर उतरलं की तिथला म्हातारा माळी विचारायचा, बाई, आता मांडणीचं पाणी नेत नाही का. दोनदा तिने काहीतरी सांगितलं. तिसऱ्यांदा ती उतरलीच नाही. तेव्हापासून ती कुलदीपकडून पाणी घेते. तो तिला काकू म्हणतो, कॅन स्वतः उचलून ओसरीपर्यंत आणून देतो, सूर्यभानची चौकशी करतो. त्याच्या मनात काही नाही. जमुनाला ते जास्त जड जातं.

त्या दिवशी ऑटो नेरखेडात पोहोचला तेव्हा सात वाजले होते. किशोरने कट्टे उतरवले. जमुनाने भाजीची मोठी टोपली डोक्यावर घेण्याआधी खाली चुंबळ ठेवली. तीच, लुगड्याच्या काठांची, आता एका बाजूने उसवलेली. ती टोपलीसाठी वापरायला काढली तेव्हा सूर्यभानने पाहिलं होतं. रागिणीनेही मागच्या दिवाळीला ती पाहिली. क्षणभर हातात घेतली आणि होती तिथे ठेवली. मागितली नाही. जमुनानेही दिली नाही. द्यायचं तरी काय होतं? वेताच्या टोपलीखाली घालायला कोणतंही फडकं चालतं.

ओसरीवर भाजी मांडेपर्यंत चंदा आली. तिने वांगी निवडली, भेंडी मोडून पाहिली. जाता जाता म्हणाली की उद्या मांडणी आहे, या वर्षी तरी या ना जमुनाबाई, किती दिवस घरात बसान. जमुनाने सुट्टे पैसे परत दिले आणि म्हणाली की उद्या अकोल्याची पाळी आहे.

पाळी उद्या नव्हती, परवा होती. चंदालाही ते माहीत होतं.

सूर्यभानच्या बाटलीत तळाला चारेक घोट उरले होते. तिने प्लँटच्या दिशेने पाहिलं. दाराला कुलूप होतं. सणाच्या आदल्या दिवशी कुलदीप टाक्या धुतो आणि पाणी बंद ठेवतो. नळ येऊन तीन दिवस झाले होते, म्हणजे तो आणखी पाच-सात दिवस येणार नव्हता. तिने शेजारून एक तांब्या मागून आणला. या वेळी शेजारणीने रांजण दाखवला नाही, लगेच दिला, वर विचारलं की भाऊ कसे आहेत.

प्लँट उद्या सकाळी सात वाजता उघडेल. अक्षयतृतीयेलाही तो बंद नसतो. पहिली कॅन मांडणीच्या घागरीसाठी रुख्मिणीकडे जाते, दुसऱ्या कॅनपासून रांग सुरू होते.